चौथी प्रत घालावी का? प्रतींची संख्या आणि जिंकण्याचं प्रमाण

मॅजिक, पोकेमॉन, यु-गी-ओ यांसारख्या कार्डांच्या खेळांत प्रत्येक खेळाडू आपला डेक, म्हणजे कार्डांची जुडी, स्वतः निवडून बांधतो. त्यावरून प्रश्न असा आला आहे: डेकमधल्या एका महत्त्वाच्या कार्डाच्या सध्या तीन प्रती आहेत. स्पर्धांच्या आकडेवारीत डेकांच्या ज्या याद्यांमध्ये त्याच कार्डाच्या चार प्रती आहेत, त्यांचं जिंकण्याचं प्रमाण थोडं वर दिसतं. मग चौथी प्रत घातली की आपलंही प्रमाण वाढेल का?

थोडक्यात सांगायचं तर त्या आकडेवारीवरून हे ठरत नाही. चौथी प्रत घालणं बरोबर असू शकतं, पण त्याचं कारण दुसरीकडे शोधावं लागतं. मी बरीच वर्षं प्रामुख्याने मॅजिक : द गॅदरिंग खेळतो, त्यामुळे हिशेब त्याच खेळाचा मांडतो. पोकेमॉन आणि यु-गी-ओचे नियम वेगळे असल्याने उत्तरं कुठे बदलतात तेही पुढे येईल.

आधी पाया. मॅजिकचा स्पर्धेतला डेक किमान ६० कार्डांचा असतो. बेसिक लँड (‘माना’ ही कार्डांची किंमत भागवणारी ऊर्जा देणारी साधी कार्डं) सोडले तर एका नावाच्या जास्तीत जास्त चार प्रती चालतात आणि सुरुवातीला हातात सात कार्डं येतात. एखाद्या कार्डाची एकच प्रत असेल तर ती पहिल्या सातांत असण्याची शक्यता ११.७ टक्के. दोन प्रती असतील तर किमान एक येण्याची शक्यता २२.१, तीन असतील तर ३१.५ आणि चार असतील तर ३९.९ टक्के. प्रत्येक नवी प्रत आधीच्या प्रतीपेक्षा थोडी कमी भर घालते: पहिली ११.७ अंकांची, चौथी ८.४ अंकांची. हे आकडे बहुतेकांना ठाऊक असतात आणि बहुतेक चर्चा इथेच थांबते. मला महत्त्वाचा वाटणारा प्रश्न यापुढे सुरू होतो: चौथी प्रत हातात येते तेव्हा ती पहिली म्हणून येते की दुसरी म्हणून?

याचं उत्तर नेमकं काढता येतं. समजा डावात तुम्ही एकूण दहा कार्डं पाहिली, म्हणजे पहिली खेळी तुमची असेल तर साधारण चौथ्या टर्नपर्यंत. डेकमधलं कुठलंही एक ठरावीक कार्ड त्या दहांत असण्याची शक्यता सहात एक. आता तुमची दुसरी प्रत हातात आली असं धरा. पहिली प्रत त्या दहांत नसण्याची, म्हणजे ही दुसरी प्रतच तुमची एकुलती एक असण्याची शक्यता ८५ टक्के. तिसऱ्या प्रतीसाठी हाच आकडा ७२ टक्के आणि चौथीसाठी ६०. म्हणजे दहा कार्डांच्या डावात चौथी प्रत आली तर दहापैकी सहा वेळा ती पहिल्या प्रतीचं काम करते आणि चार वेळा एक प्रत आधीच आलेली असताना जोडीला येते.

डाव लांबला की चित्र उलटतं. वीस कार्डं पाहिलीत तर चौथी प्रत एकटी असण्याची शक्यता ३० टक्क्यांवर घसरते, म्हणजे दहापैकी सात वेळा ती जोडीला येते. उलट फक्त सुरुवातीच्या सात कार्डांचा विचार केला तर हा आकडा ७२ टक्के आहे. झटपट हल्ला करून डाव संपवणारे ॲग्रो डेक चार-चार प्रतींनी भरलेले असतात आणि डाव लांबवणाऱ्या कंट्रोल डेकमध्ये दोन-दोन, तीन-तीन प्रती दिसतात, त्याचं सगळ्यात मोठं कारण मला या आकड्यांत दिसतं. चांगले खेळाडू हे अंगवळणी पडल्यासारखं करतात. पण हिशेब समोर असला की नव्या कार्डाबद्दल निर्णय घेताना चाचपडावं लागत नाही.

तेव्हा चौथ्या प्रतीची किंमत तीन गोष्टींवर ठरते: कार्ड एकटं आल्यावर किती उपयोगी पडतं, जोडीने आल्यावर किती पडतं आणि तिच्यासाठी तुम्ही काय काढलंत. तिसरी गोष्ट लोक सर्वात जास्त विसरतात. डेकमध्ये काही घालायचं म्हणजे काही काढायचंच असतं. ‘हे कार्ड चांगलं आहे का’ या प्रश्नाने निर्णय होत नाही. ‘या कार्डाची पुढची प्रत माझ्या डेकमधल्या सर्वात कमकुवत कार्डापेक्षा चांगली आहे का’ या प्रश्नाने होतो.

जोडीने आल्यावर काय होतं, हे कार्डागणिक फार बदलतं. लाइटनिंग बोल्टची दुसरी प्रत पहिलीइतकीच चांगली, कारण आणखी तीन डॅमेज, म्हणजे नुकसान, कधीही हवं असतं. अशा थेट नुकसानावर जिंकणाऱ्या बर्न डेकमध्ये तर चार बोल्टवर भागत नाही, म्हणून त्याच कामाची दुसरी कार्डंही चार-चार घातली जातात. एकाच कामाची आठ कार्डं असली की पहिल्या सातांत किमान एक असण्याची शक्यता ६५.४ टक्के होते. डेकचा आराखडा अशा एखाद्या कामावर उभा असेल तर प्रती नावानुसार न मोजता कामानुसार मोजा.

दुसऱ्या टोकाला ग्रेव्हयार्ड (वापरून झालेल्या कार्डांचा ढीग) खाणारी कार्डं. गर्माग अँग्लरसारखं डेल्व्हचं कार्ड पहिलं उतरवताना किंमत भागवायला ग्रेव्हयार्डमधली कार्डं एक्झाइल होतात, म्हणजे खेळाबाहेर जातात, त्यामुळे लगेच आलेली दुसरी प्रत बराच वेळ हातात अडकून पडते. तिथे एक किंवा दोन प्रती पुरतात. कार्ड कितीही भारी असो, दुसऱ्या प्रतीला लागणारं इंधन पहिलीने संपवलेलं असतं.

लेजेंडरी कार्डांबद्दल एक सरधोपट सल्ला दिला जातो: एका वेळी एकच मैदानात राहते, म्हणून तीनच घाला. मला तो पटत नाही. थेलिया, गार्डियन ऑफ थ्रेबेन लेजेंडरी आहे, तरी तिच्यावर उभे असलेले डेक तिच्या चारही प्रती वापरत आले आहेत. ती दोन मानाची आहे, दुसऱ्या टर्नला ती असणं हा त्या डेकचा कणा आहे आणि प्रतिस्पर्धी तिला मारायला टपलेलाच असतो. पहिली मेली की हातातल्या दुसरीचं मोल पुन्हा पूर्ण होतं. दुसरी प्रत पडून राहण्याचा तोटा किती डावांत होतो आणि दुसऱ्या टर्नला थेलिया नसण्याचा तोटा किती डावांत होतो, हे दोन्ही तराजूत घातलं की चौथी प्रत जिंकते. हेच कार्ड सहा मानाचं असतं आणि सहज मरत नसतं, तर उत्तर वेगळं आलं असतं.

लेलाइन ऑफ द व्हॉइड हे आणखी निराळं उदाहरण आहे. सुरुवातीच्या हातात असेल तर ते फुकट मैदानात येतं, नंतर आलं तर चार माना मोजाव्या लागतात आणि तोवर ग्रेव्हयार्ड वापरणारा डेक बहुधा आपलं काम उरकून बसलेला असतो. अशा कार्डाची सगळी किंमत पहिल्या सातांतच असते. तिथे दोन प्रती घालण्यात मला अर्थ दिसत नाही: घालायची तर चार, नाहीतर एकही नको. चार प्रती असताना पहिल्या हातात ती असण्याची शक्यता ३९.९ टक्के. ती नसेल तर एकदा मलिगन (हात परत करून नवा घेणं) घ्यायची तयारी असेल, तर दोन हातांत मिळून ६३.९ टक्के. २०१९ पासून लंडन मलिगनमुळे प्रत्येक वेळी नवी सात कार्डं पाहायला मिळतात आणि मग जितके मलिगन तितकी कार्डं डेकच्या तळाशी ठेवायची असतात, म्हणून हा गुणाकार इतका सरळ बसतो. हा नियम आल्यापासून ‘सुरुवातीला हवंच’ प्रकारच्या कार्डांच्या चौथ्या प्रतीला आधीपेक्षा जास्त वजन आलं आहे.

काही वेळा चार प्रती विभागून घालणं सर्वात शहाणपणाचं ठरतं. डूम ब्लेड काळ्या रंगाच्या क्रीचरला, म्हणजे मैदानात लढणाऱ्या प्राण्याला, मारत नाही, गो फॉर द थ्रोट आर्टिफॅक्ट क्रीचरला मारत नाही. दोन-दोन घातले तर क्रीचर मारणारं एखादं कार्ड हातात असण्याची शक्यता एकाच कार्डाच्या चार प्रतींइतकीच राहते, पण दोन कार्डं जोडीने आली तर बऱ्याचदा ती दोन वेगळी असतात आणि दोन्ही एकाच वेळी निरुपयोगी ठरण्याचा धोका कमी होतो. अर्थात समोर येणाऱ्या डेकांत काळी क्रीचर फारशी नसतील, तर विभागणीचा फायदा उरत नाही. मग सरळ चार डूम ब्लेड घाला.

लँडच्या बाबतीत मात्र एकेक प्रत स्वतंत्रपणे मोजावी असं माझं ठाम मत आहे, कारण तिथे एका कार्डाच्या बदलाचा परिणाम प्रत्येक डावावर होतो. ६० कार्डांत २४ लँड असतील तर सुरुवातीच्या सातांत शून्य किंवा एकच लँड येण्याची शक्यता १४.३ टक्के. २३ केले तर १६.५, २५ केले तर १२.२. एका लँडमागे साधारण दोन अंक. नव्या खेळाडूच्या डेकमध्ये २१ लँड आणि वर एखाद्या महागड्या कार्डाच्या चार प्रती दिसल्या, तर मी आधी त्या कार्डाची एक प्रत काढून लँड घालायला सांगतो, तेही बाकी काही न तपासता. रंगांचा हिशेबही असाच: एका रंगाच्या कार्डासाठी त्या रंगाचे किती स्रोत (त्या रंगाची माना देणारी कार्डं) लागतात, यावर मॅजिकचा खेळाडू आणि विश्लेषक फ्रँक कार्स्टेनने केलेली गणितं अनेक खेळाडू वापरतात आणि ती वापरण्याजोगीच आहेत. मॅजिक अरीना या ऑनलाइन आवृत्तीवर एका डावाच्या सामन्यात सुरुवातीच्या हातातल्या लँडचं प्रमाण डेकच्या प्रमाणाजवळ आणलं जातं, त्यामुळे तिथला अनुभव टेबलावरच्या डेकला लावू नका. तिथे कमी लँडवर भागलेला डेक स्पर्धेत अडखळतो.

आता मूळ आकडेवारीकडे येतो. चार प्रतींच्या याद्या जास्त का जिंकतात?

एक कारण असं की त्या याद्या कोण खेळतं हे वेगळं असतं. एखादी यादी मोठ्या स्पर्धेत गाजली की गंभीर खेळाडू ती जशीच्या तशी उचलतात. त्यात चार प्रती असतील तर चार प्रतींच्या गटात तयारीचे खेळाडू गोळा होतात. तीन प्रतींच्या गटात प्रयोग करणारे, कार्ड महाग म्हणून चौथी विकत न घेतलेले आणि जुनी यादी अजून वापरणारेही असतात. त्यातच वेळेचा घोळ असतो. चार प्रतींच्या याद्या पुढच्या आठवड्यांत वाढल्या आणि त्याच काळात त्या डेकला जड जाणारा दुसरा डेक मेटातून (त्या काळात स्पर्धांत खेळल्या जाणाऱ्या डेकांच्या मिश्रणातून) मागे पडला, तर सगळं श्रेय चौथ्या प्रतीला जातं. शिवाय चौथी प्रत घालताना कोणी काय काढलं, हे गटागटाच्या सरासरीत कुठेच दिसत नाही.

पण हे सगळं बाजूला ठेवलं, तरी एका प्रतीचा परिणाम इतका छोटा असतो की तो आकडेवारीत सापडणंच अवघड आहे. हे सोदाहरण पाहू. समजा डावात सरासरी बारा कार्डं पाहिली जातात. मग बदललेली ती एक जागा पाचपैकी एका डावात हातात येते. समजा त्या डावांत नवं कार्ड जुन्यापेक्षा पाच अंकांनी जास्त जिंकवतं, जो खरं तर मोठा फरक झाला. तरी एकूण प्रमाणात वाढ होते फक्त एका अंकाची. आता शंभर डाव खेळून पाहिले तर प्रमाणातली अनिश्चितता दोन्ही बाजूंना सुमारे दहा अंकांची असते. दोन याद्यांमधला दोन अंकांचा फरक खात्रीलायकपणे ओळखायला, नेहमीच्या सांख्यिकी निकषांनी, प्रत्येक यादीचे सुमारे ९,८०० डाव लागतात. एका अंकासाठी प्रत्येकी ३९,००० हून जास्त. एवढे डाव होईपर्यंत मेटा बदललेला असतो, नवा संच आलेला असतो. म्हणून मित्रमंडळींत वीस डाव खेळून ‘चौथी प्रत घातल्यापासून जिंकतोय’ असं कोणी म्हटलं, तर त्यावर एकही कार्ड बदलू नये.

‘हातात आल्यावर जिंकण्याचं प्रमाण’ हा आकडा जास्त उपयोगी वाटतो. १७लँड्ससारखी संकेतस्थळं ड्राफ्टसाठी (जागेवरच पाकिटांतून कार्डं निवडून डेक बांधण्याच्या प्रकारासाठी) तो देतात आणि ड्राफ्टमध्ये कार्डं एकमेकांशी ताडून पाहायला तो खरोखर कामाचा आहे. पण प्रतींच्या प्रश्नावर तो दोन प्रकारे फसवतो. दहा कार्डांच्या डावात चार प्रतींपैकी किमान एक ५२.८ टक्के वेळा दिसते, त्यातल्या ४०.२ वेळा नेमकी एकच असते आणि १२.६ वेळा दोन किंवा जास्त. म्हणजे कार्ड दिसलेल्या डावांपैकी तीन चतुर्थांश डाव पहिल्या प्रतीचे आहेत. तुम्ही चौथीबद्दल विचारताय आणि आकडा मुख्यतः पहिलीबद्दल सांगतोय. दुसरी अडचण डावाच्या लांबीची. जास्त कार्डं लांबलेल्या डावात दिसतात. ॲग्रो डेकसाठी डाव लांबणं हीच अनेकदा वाईट बातमी असते, तेव्हा त्यातली उशिरा हातात येणारी कार्डं विनाकारण बदनाम होतात. कंट्रोल डेकमध्ये उलट होतं: डाव लांबला म्हणजे तुम्ही तग धरलात, त्यामुळे शेवटी येणारी महागडी कार्डं आहेत त्यापेक्षा भारी दिसतात.

अशा आकडेवारीतून काही हवंच असेल तर जिंकलेले-हरलेले डाव मोजण्यापेक्षा हात मोजा. प्रत्येक डावानंतर एवढंच लिहा: हे कार्ड एकटं आलं की जोडीने, आणि आलं तेव्हा त्याच्या जागी काढलेलं कार्ड असतं तर बरं झालं असतं का. मी नवी यादी तपासतो तेव्हा हेच करतो. डावाच्या निकालात नशीब, मॅचअप (समोर कोणता डेक आला) आणि प्रतिस्पर्ध्याच्या चुका मिसळलेल्या असतात. हा प्रश्न मात्र थेट त्या एका जागेचा आहे, त्यामुळे थोड्या डावांतही दिशा कळते.

पोकेमॉनमध्ये हिशेब पुष्कळ बदलतो. तिथेही डेक ६० कार्डांचा, प्रती चार आणि हात सातांचा, पण सहा कार्डं प्राइझ म्हणून बाजूला जातात. एकुलती एक प्रत प्राइझमध्ये अडकण्याची शक्यता दहा टक्के. दोन प्रती असतील तर दोन्ही अडकण्याची शक्यता एक टक्क्याहूनही कमी. म्हणून ज्या कार्डावाचून डाव पुढेच सरकत नाही, त्याची दुसरी प्रत हा विमा असतो आणि मला तो जवळजवळ नेहमी परवडतो. एस स्पेक कार्ड डेकमध्ये एकच चालतं, तिथे हा दहा टक्क्यांचा धोका गृहीत धरूनच बेत करावा लागतो. त्यापलीकडे मात्र पोकेमॉनमध्ये एकेका प्रतीवर भागतं, कारण कार्डं शोधण्याची आणि ओढण्याची सोय अफाट आहे. अल्ट्रा बॉल कुठलाही पोकेमॉन शोधून देतो, प्रोफेसर्स रिसर्च हात टाकून सात नवी कार्डं देतो. म्हणून शोधणाऱ्या कार्डाच्या चार प्रती आणि शोधल्या जाणाऱ्याच्या एक-दोन, ही घडण तिथे पुन्हा पुन्हा दिसते. शोधणारं प्रत्येक कार्ड तुमच्या एकुलत्या प्रतीची जणू आणखी एक प्रत असतं.

बेसिक पोकेमॉन (थेट मैदानात उतरवता येणारे) किती, हा वेगळा मुद्दा आहे. हातात एकही बेसिक नसेल तर मलिगन घ्यावा लागतो आणि प्रत्येक मलिगनमागे प्रतिस्पर्ध्याला एक जादा कार्ड ओढता येतं. आठ बेसिक असतील तर पहिल्या हातात एकही नसण्याची शक्यता ३४.६ टक्के, बारा असतील तर १९.१. आठ बेसिकवर खेळणाऱ्याने हे जादा कार्ड आपण वारंवार देतोय हे हिशेबात धरलेलं असावं.

यु-गी-ओमध्ये डेक ४० ते ६० कार्डांचा, प्रती तीन, हात पाच कार्डांचा आणि निकाल पहिल्या एक-दोन टर्नमध्येच लागतो. ४० कार्डांत तीन प्रती असतील तर पहिल्या पाचांत किमान एक येण्याची शक्यता ३३.८ टक्के आणि दोन किंवा जास्त येण्याची फक्त ३.६. त्यामुळे ‘टर्नमध्ये एकदाच’ अशी अट असलेल्या स्टार्टर (खेळ्यांची साखळी सुरू करून देणाऱ्या) कार्डाच्याही तीनही प्रती बेधडक घातल्या जातात, जोडीचा तोटा नगण्य असतो. तोच डेक ६० कार्डांचा केला तर किमान एक येण्याची शक्यता २३.३ टक्क्यांवर येते. तिथे उलट्या जातीचं कार्डही असतं, ज्याला खेळाडू ‘गार्नेट’ म्हणतात: ब्रिलियंट फ्यूजन या कार्डासाठी जेम-नाइट गार्नेट डेकमध्ये असावं लागायचं, पण हातात नको असायचं. अशा कार्डाची एकच प्रत घालायची आणि १२.५ टक्के डावांत ते हातात येईल हे मान्य करायचं.

प्रतींचा परिणाम किती असतो हे नियम करणाऱ्यांनाही चांगलं माहीत आहे. १९९३ साली मॅजिक आलं तेव्हा प्रतींवर मर्यादा नव्हती, चारची मर्यादा नंतर आली. मॅजिकच्या व्हिंटेज प्रकारात ब्लॅक लोटस या अतिशय ताकदवान कार्डावर बंदी नाही, ते डेकमध्ये एकच ठेवता येतं: सुरुवातीच्या हातात ३९.९ टक्क्यांऐवजी ११.७ टक्के.

तेव्हा तुमच्या चौथ्या प्रतीबद्दल. डेकचे डाव सहाव्या टर्नच्या आत संपत असतील, कार्ड पहिल्या तीन टर्नमध्ये उतरत असेल आणि दुसरी प्रत हातात पडून राहत नसेल, तर चौथी घाला आणि स्पर्धेच्या आकडेवारीची वाट पाहू नका. कार्ड चार मानाचं किंवा त्याहून महाग असेल, किंवा डाव नेहमी वीस कार्डांपर्यंत लांबत असेल, तर तीनवर थांबा आणि ती जागा त्याच कामाच्या दुसऱ्या कार्डाला द्या. यातलं काहीच स्पष्ट नसेल तर चौथी प्रत साइडबोर्डच्या (सामन्यातल्या डावांमध्ये अदलाबदलीसाठी बाजूला ठेवलेल्या) पंधरा कार्डांत ठेवा. ज्या मॅचअपमध्ये दोन प्रती हातात आलेल्या चालतात तिथे ती आत घ्या आणि जिथे पहिलीच जड जाते तिथे तीनांतलीही एक बाहेर काढा.